वाटी, चमचा आणि भटारखाना: ‘खाना खजाना’ या कार्यक्रमाचं एक प्रकरण

१९९३ साली झी टीव्हीवर ‘खाना खजाना’ सुरू झाला तेव्हा ती वाहिनीही नवीकोरीच होती. २ ऑक्टोबर १९९२ला तिचं प्रक्षेपण सुरू झालं होतं. हिंदीतली ती पहिली खासगी उपग्रह वाहिनी, आणि तिला रोजचे तासन् तास भरायचे होते. अशा वेळी पाककृतींचा कार्यक्रम फार सोयीचा. एक ओटा, एक शेगडी, एक बोलका माणूस एवढ्यात भागतं, आणि तेलवाले, मसालेवाले, कुकरवाले प्रायोजक म्हणून आपणहून येतात. कार्यक्रमाचं आधी ठरलेलं नाव ‘श्रीमान बावर्ची’ होतं. सादरकर्त्याला ते पसंत पडलं नाही आणि ते बदललं. दिग्दर्शक होते हंसल मेहता, जे पुढे चित्रपटांमुळे ओळखले जाऊ लागले. आणि सादरकर्ते संजीव कपूर, दिल्लीच्या पुसा संस्थेतून हॉटेल मॅनेजमेंट शिकलेले, मुंबईच्या सेंटॉर हॉटेलात एक्झिक्युटिव्ह शेफ. वय तिशीच्याही आत.

हा कार्यक्रम पुढे जवळजवळ दोन दशकं चालला. एवढ्या काळात त्याने काय केलं, याचं ठरलेलं उत्तर असं की त्याने मध्यमवर्गाला पनीर शिकवलं. ते उत्तर चुकीचं नाही, पण अपुरं आहे. पनीर त्याच्याशिवायही आलंच असतं; लग्नातल्या केटररांनी ते आणायला घेतलंच होतं. माझ्या मते या कार्यक्रमाचं खरं काम वेगळं. हॉटेलच्या भटारखान्यात एखाद्या माणसाच्या हातात असलेली चव त्याने वाटी-चमच्याच्या मापात बसवून कागदावर आणली. घरच्या बाईला त्याचा उपयोग झाला, हॉटेलमालकाला त्याहून जास्त झाला, आणि ज्याचं नुकसान झालं त्या वस्तादाबद्दल, म्हणजे भटारखान्यातल्या मुख्य आचाऱ्याबद्दल, कुणी फारसं बोललं नाही.

आधीची घडी

टीव्हीवर स्वयंपाक त्याआधी अगदीच नव्हता असं नाही. दूरदर्शनवर खाद्यलेखक जिग्ज कालरांचा ‘दावत’ येऊन गेला होता. तरला दलाल १९६६पासून मुंबईत घरी वर्ग घेत होत्या आणि त्यांच्या पुस्तकांनी शाकाहारी घरांत पास्ता नि बेक डिशेस पोचवल्या होत्या. पण दलालबाईंची वाट घरातून घराकडे जाणारी होती. एका सुगरणीने दुसरीला शिकवायचं, ही आपल्याकडची जुनीच रीत. हॉटेलातला माणूस पांढरी टोपी घालून आपल्या खोलीत येतो आणि आपलं गुपित सांगतो, हे नवं होतं.

मराठी घरात तोवर पनीर नव्हतं. दूध नासलं तर साखर घालून आटवायचं आणि नासकवणी म्हणून पोरांच्या हातावर ठेवायची. मुद्दाम लिंबू पिळून दूध फाडायचं, वर त्या फाटक्या दुधाची भाजी करायची, हे जुन्या सासवांना पटणं अवघडच होतं. बाहेर मात्र चित्र बदललेलं होतं. फाळणीनंतर पंजाबी खाणं दिल्लीत रुजलं आणि तिथून देशभर पसरलं. मुंबई-पुण्यातल्या उडुप्यांनी इडली-डोशाच्या पुढे पंजाबी आणि चायनीज अशी दोन पानं मेनूकार्डाला जोडली. महिन्यातून एकदा कुटुंब तिथे जायचं, एक पनीरची, एक कोफ्त्याची, दोन-दोन रोट्या, एक जीरा राइस वाटून. घरी परतताना प्रश्न तोच: ही ग्रेव्ही एवढी गुळगुळीत करतात कशी?

प्रश्न रास्त होता, कारण घरच्या पद्धतीत याचं उत्तर नव्हतंच. आपल्याकडे प्रत्येक भाजी पहिल्यापासून होते. फोडणी, मग भाजी, मग तिचं तिचं वाटण. हॉटेलात उलटं चालतं. सकाळी मोठमोठ्या पातेल्यांत ग्रेव्ह्या करून ठेवतात. उकडलेला कांदा, काजू आणि मगज बी वाटून पांढरी, तळलेला कांदा आणि हळदीची पिवळी, कांदा-टोमॅटो-मिरचीची लाल, टोमॅटो, लोणी आणि काजूची मखनी. ऑर्डर आली की मोठ्या आचेच्या भट्टीवर कढईत लोणी, त्यात एक पळी ही, अर्धी पळी ती, मुख्य जिन्नस, वरून हातावर चुरडलेली कसुरी मेथी आणि क्रीम. सात-आठ मिनिटांत टेबलावर. मेनूकार्डावरच्या साठ भाज्या या चार पातेल्यांतून निघतात. व्हेज कोल्हापुरी म्हणजे लाल ग्रेव्हीत मिरची वाढवलेली. कोल्हापुरातल्या कुठल्या घरात ही भाजी रांधतात हे मला आजवर कळलेलं नाही.

पडद्यावर काय आलं, काय नाही

आता संजीव कपूरांपुढचा पेच लक्षात घ्या. चार पातेल्यांची पद्धत जशीच्या तशी दाखवली तर घरच्या बाईच्या ती काहीच कामाची नाही. चार माणसांच्या घरात कोण चार ग्रेव्ह्या करून ठेवणार? म्हणून पडद्यावर आली ती नव्याने बांधलेली पाककृती: एका कढईत सुरुवातीपासून शेवटपर्यंत होणारी, दोन मध्यम कांदे, तीन टोमॅटो, दहा-बारा काजू, एक चमचा आलं-लसूण असं माप असलेली. हॉटेलची चव आणि घरची पद्धत यांचं ते लग्न होतं. याला पाककृती लिहिणाऱ्याचं कसब लागतं आणि ते उत्तम स्वयंपाक येणाऱ्या प्रत्येकाकडे असतंच असं नाही. भटारखान्यातला वस्ताद दहा किलो कांद्याच्या हिशेबात विचार करतो. ‘दोन कांद्यांना मीठ किती?’ विचारलं तर तो हसेल.

दुसरी गोष्ट भाषेची. कार्यक्रमाची हिंदी साधी होती. शेफ असूनही मधे फ्रेंच शब्द टाकून भाव खाणं नाही, ओरडणं नाही, हसतमुख चेहरा. ‘काजू नसतील तर खसखस चालेल’ या थाटाची मोकळीक. पुढच्या काळात स्वयंपाकाचे कार्यक्रम स्पर्धेकडे वळले, घड्याळ लावून रडारड सुरू झाली, तेव्हा या मवाळपणाची किंमत कळली. शिकवणाऱ्याची धास्ती वाटली की शिकणारा वही बंद करतो.

लपलेल्या गोष्टीही होत्या. लपवायचा हेतू होता असं मी म्हणत नाही. अर्ध्या तासात मावत नाही ते गळतंच. चिरलेलं सगळं छोट्या काचेच्या वाट्यांतून येई. कांदा परतायला लागणारी वीस मिनिटं जाहिरातींत निघून जात. लोणी-क्रीमचं हॉटेलातलं प्रमाण घरच्या मापात खूप खाली आणलेलं असे, तंदूर तर घरात शक्यच नव्हता, आणि घरच्या शेगडीला भट्टीची आच येत नाही. त्यामुळे घरी केलेलं पनीर चांगलं व्हायचं, पण ‘हॉटेलसारखं’ व्हायचं नाही. (भांडी कोण घासतं हे जगातल्या कुठल्याच पाककला कार्यक्रमात दाखवत नाहीत, ते सोडून देऊ.)

वहीतला पुरावा

परिणाम मोजायचा तर आकडे कुठून आणायचे, हा मोठाच प्रश्न. इंग्लंडमध्ये हे सोपं गेलं. १९९८ साली बीबीसीवर डेलिया स्मिथ यांनी अंडं कसं उकडायचं इथपासून सुरुवात करून स्वयंपाक शिकवणारी मालिका केली. तिकडच्या सुपरमार्केटांना अंड्यांच्या मागणीतली उडी लगेच दिसली. डेलियाबाईंनी शिफारस केलेला एक छोटा ऑम्लेट पॅन लँकेशायरच्या एका कारखान्यात बनायचा. वर्षाला दोनशेच्या आसपास जाणारा तो पॅन चार महिन्यांत ९०,००० विकला गेला, अशी तेव्हाची बातमी आहे. तिथे सुपरमार्केटचं यंत्र प्रत्येक विक्रीची नोंद ठेवत होतं. आपल्याकडे १९९३ साली काजूचे तुकडे वाण्याकडून पुडीत यायचे आणि ढोबळी मिरची भाजीवालीच्या पाटीतून. कुठल्या सोमवारी कशाची मागणी वाढली हे त्या दोघांनाच माहीत, आणि त्यांनी ते लिहून ठेवलेलं नाही.

म्हणून मी वह्यांकडे जातो. त्या काळात कार्यक्रम पुन्हा बघायची सोय नव्हती. व्हीसीआर असला तरी पाककृतीसाठी कॅसेट कोण खर्च करणार? म्हणून ओट्याजवळ किंवा सोफ्यावर वही-पेन घेऊन बसायचं आणि तो बोलेल तसं उतरवून घ्यायचं. अशी एक वही माझ्या घरात आहे, मावशीची. जुन्या डायरीच्या कोऱ्या पानांवर निळ्या शाईत घाईची अक्षरं. ‘शाही पनीर’च्या पानावर साहित्याची यादी अशी आहे: पनीर पाव किलो, काजू अर्धी वाटी (दाणे?), फ्रेश क्रीम (साय चालेल), केवडा (नको), वेलची, पांढरी मिरी (काळीच). कृती निम्म्यावर तुटलेली आहे, बहुतेक दाराची बेल वाजली असावी, आणि खाली वेगळ्या पेनाने पुढच्या कधीतरीचा शेरा: ‘सायीने फुटलं. दूध घालणे. गूळ चिमूटभर बरा लागतो.’

ते कंस मला मूळ पाककृतीपेक्षा मोलाचे वाटतात. मावशीने कार्यक्रमातली पाककृती जशीच्या तशी कधीच केली नाही. हॉटेलवाल्याने ती घरासाठी बदलली होती, मावशीने ती आपल्या घरासाठी आणखी बदलली. दाण्याचा कूट आणि गूळ घातलेलं शाही पनीर लखनौच्या रकाबदाराला, म्हणजे नवाबी आचाऱ्याला, दाखवलं तर तो डोक्याला हात लावेल, पण आमच्याकडे वाढदिवसाला तेच व्हायचं आणि पातेलं पुसून खाल्लं जायचं. घराघरांतल्या या दुरुस्त्यांमुळेच टीव्हीने सगळीकडची चव एकसारखी केली हा आरोप मला निम्माच पटतो. नावं एकसारखी झाली, हे मात्र खरं.

आणखी एक बदल वहीतून दिसतो: माप. त्याच वहीच्या पुढच्या पानांवर मावशीने आजीच्या पाककृती उतरवायला घेतलेल्या आहेत. त्याआधी त्या कुठेच लिहिलेल्या नव्हत्या. आजीचं सगळं अंदाजाने. ‘मूठभर’, ‘बेताचं’, ‘वास सुटेपर्यंत’. टीव्हीवरचा शेफ वाटी-चमच्याने सांगतोय हे बघितल्यावर आजीच्याही काळ्या मसाल्याला ग्रॅमचं माप लावायची बुद्धी झाली. छापील पाकपुस्तकांनी वाटी-चमच्याचं माप मराठी घरात त्याआधीच आणलेलं होतं, तेव्हा सगळं श्रेय टीव्हीला देता येत नाही. पण दर आठवड्याला समोर कुणीतरी मोजून घालतंय हे दिसत राहणं, याचा जोर वेगळाच.

यंत्रांचाही वाटा यात आहे. काजूचं गुळगुळीत वाटण पाट्यावर होत नाही असं नाही, पण रविवारी पाहुणे येणार असताना पाटा कोण धुऊन घेणार? मिक्सर घरात आल्यावरच या ग्रेव्ह्या शक्य झाल्या. नॉनस्टिक तवा तर औरंगाबादच्या निर्लेपने १९६८पासून बनवायला घेतला होता. त्याला लाकडी चमचाच लावायचा हे मराठी घरांत पाठ होतं. शेफने तसाच पॅन वापरला तेव्हा तो परका वाटला नाही.

गल्ल्यावर बसणाऱ्याच्या नजरेतून

सुरुवातीला हॉटेलवाल्यांना या कार्यक्रमांची भीती वाटायला हवी होती. लोक घरीच पनीर करू लागले तर बाहेर कोण येणार? झालं उलटंच. घरी करून बघितलेली वस्तू हॉटेलात जास्त मागवली जाते, कारण आता तुलना करता येते. ज्याला ‘दो प्याजा’ आणि ‘लबाबदार’ यांतला फरक माहीतच नव्हता, तो आता वेटरला विचारू लागला. मेनूकार्ड लांबत गेलं. घरचं आणि बाहेरचं यांतलं अंतर नेमकं ज्या गोष्टींनी पडत होतं, म्हणजे तंदूर, भट्टीची आच आणि लोण्याचा सढळ हात, त्याच गोष्टी हॉटेलचा धंदा राखून होत्या.

खरी उलथापालथ आतल्या बाजूला झाली. त्यासाठी जुना भटारखाना कसा चालायचा हे सांगायला हवं. मालक गल्ल्यावर, वस्ताद आत. गरम मसाल्याची पूड वस्ताद स्वतः करणार, बहुधा एकटाच असताना, आणि प्रमाण पोऱ्याला सुद्धा सांगणार नाही. ते प्रमाण हीच त्याची मिळकत. समोरच्या हॉटेलने हजार रुपये जास्त देऊ केले की तो निघणार, आणि त्याच्याबरोबर चवही जाणार. ‘आचारी बदलला वाटतं’ हे गिऱ्हाइकाचं वाक्य मालकाच्या काळजात घुसायचं. त्यामुळे एका मालकाची दोन-तीनच्या वर हॉटेलं सहसा होत नसत. प्रत्येक ठिकाणी वेगळा वस्ताद, वेगळी चव, वेगळी डोकेदुखी.

घरच्या प्रेक्षकासाठी जी पाककृती लिहिली गेली, तिचा गुण काय? जो मूळ शेफ नाही त्यालाही ती करता येते. आणि साखळी हॉटेल चालवायला नेमका हाच गुण लागतो. इथे टीव्हीचा माणूस आणि धंद्याचा माणूस एक झाला. संजीव कपूरांचं पहिलं रेस्टॉरंट १९९८ साली दुबईत ‘खजाना’ नावाने निघालं. मग ‘द यलो चिली’ ही साखळी फ्रँचायझी पद्धतीने देशातल्या अनेक शहरांत गेली. फ्रँचायझी घेणाऱ्याला काय मिळतं? पाटीवरचं नाव मिळतं, जे टीव्हीने घराघरांत पोचवलेलं असतं. आणि पाककृतींचं तक्त्यात बसवलेलं पुस्तक, ज्यात ग्रॅम, मिनिटं आणि क्रम असतो. शेफ स्वतः त्या भटारखान्यात उभा नसला तरी चालतं. मावशीला ‘दोन मध्यम कांदे’ सांगणारी आणि लुधियानातल्या किंवा नागपुरातल्या नव्या कामगाराला ‘१८० ग्रॅम कांदा’ सांगणारी शिस्त एकच आहे. आजची घरपोच धाडणारी क्लाउड किचन्स तर निव्वळ अशाच तक्त्यांवर चालतात. तिथे डायनिंग हॉलच नसतो, तर वस्ताद कुणाला हवाय?

म्हणून मघाशी नुकसानीची गोष्ट काढली. तक्ता आला की हातातली गुपितं स्वस्त होतात. त्याच वेळी, ज्याने हॉटेल मॅनेजमेंटची पदवी घेतली त्याचा भाव वाढला. दादरला १९५४पासून हॉटेल व्यवस्थापन शिकवणारी संस्था आहे, पण ‘मुलगा काय करतो?’ याला ‘शेफ आहे’ हे उत्तर लग्नाच्या बोलणीत चालू लागलं ते टीव्हीनंतर. त्याआधी आचारी म्हणजे आचारी. एकाच धंद्यातल्या दोन माणसांपैकी एकाला प्रतिष्ठा मिळाली, दुसऱ्याची आधीच कमी असलेली पतही गेली. पद्मश्रीची क्रमवारीसुद्धा पाहण्यासारखी आहे: घरच्या बायकांना शिकवणाऱ्या तरला दलाल यांना २००७ साली, झाकण लावून मंद आचेवर शिजवायची दमपुख्त शैली हॉटेलात उभी करणारे इम्तियाज कुरेशी यांना २०१६ साली, संजीव कपूर यांना २०१७ साली. आयुष्यभर पातेल्यापाशी उभे राहिलेले कुरेशी उतारवयात त्या यादीत आले.

पैसा मात्र शेवटी कढईत नव्हताच. पॉप्युलर प्रकाशनाने, म्हणजे ज्यांच्याकडे आपण मराठी कविता-कादंबऱ्यांसाठी बघतो त्याच घराने, कपूरांची पाकपुस्तकं काढली आणि ती भरपूर खपली. २००९ साली ‘वंडरशेफ’ हा भांड्यांचा आणि उपकरणांचा धंदा रवी सक्सेना यांच्याबरोबर सुरू झाला. २०११च्या जानेवारीत ‘फूडफूड’ ही अख्खी वाहिनीच आली. रेस्टॉरंटला भाडं, पगार, नासाडी आणि रोजची झुंज असते. पॅन एकदा विकला की विषय संपला. टीव्हीवर चेहरा कमावलेल्या जवळजवळ प्रत्येक शेफने पुढे हीच वाट धरलेली दिसते आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. फक्त ‘शेफ’ या पदाचा अर्थ त्यामुळे भटारखान्यापासून बराच लांब गेला.

स्पर्धांचे कार्यक्रम २०१०च्या ऑक्टोबरात स्टार प्लसवर ‘मास्टरशेफ इंडिया’पासून जोरात आले. पहिली विजेती पंकज भदौरिया ही लखनौची शिक्षिका. त्या कार्यक्रमाने ताट सजवायची हौस घराघरांत आणि हॉटेलांत पेरली: मोठी बशी, मधोमध दोन घास, कडेला चटणीचा फराटा. मराठी माणसाने त्यावर ‘पोट कशाने भरायचं?’ एवढंच विचारलं. त्याहून जास्त त्याबद्दल लिहावं असं मला वाटत नाही.

मराठी वाहिन्यांचं वेगळं काय झालं

या प्रकरणाला एक उलट बाजू आहे आणि ती आपल्याच घरातली. झी मराठीवर २००७पासून ‘आम्ही सारे खवय्ये’ चालला आणि अनेक वर्षं चालला. प्रशांत दामले सूत्रसंचालक. ते स्वतः शेफ नव्हते आणि तसा आवही त्यांनी कधी आणला नाही. चव घ्यायची, विनोद करायचा, आलेल्या पाहुणीला बोलतं करायचं. ओट्यापाशी असायच्या गावोगावच्या सुगरणी. कुणी आगरी कालवण करी, कुणी खानदेशी शेवभाजी, कुणी उरलेल्या पोळ्यांचं काहीतरी अफलातून.

एवढ्या वर्षांत महाराष्ट्रातली किती पदार्थसंपत्ती पडद्यावरून गेली असेल याची कल्पना करा. मग त्यातलं हॉटेलांच्या मेनूकार्डावर काय आलं? फारच थोडं. दादरचं आस्वाद, प्रकाश, मामा काणे ही ठिकाणं त्याच्या कितीतरी आधीपासून मराठी पदार्थ देत होती आणि त्यांचा लौकिक टीव्हीमुळे झालेला नाही. ‘खाना खजाना’ने हॉटेलची चव घरात आणली, मग घरची चव हॉटेलात नेणं ‘आम्ही सारे खवय्ये’ला का जमू नये?

लोकांना घरचं बाहेर खायचं नसतं, असं एक सोपं उत्तर दिलं जातं. ते मला पटत नाही. तसं असतं तर खानावळी कधीच बंद पडल्या असत्या. कारण भटारखान्याच्या रचनेत आहे. आपल्या भाज्या चार पातेल्यांत बसत नाहीत. भरल्या वांग्यांचं सारण वांग्यातच शिजायला लागतं. अळूच्या फतफत्याला डाळ-दाणे आधी शिजवावे लागतात, चिंच-गुळाचा मेळ बसवावा लागतो. भरडा लावलेलं वांगं नि पिठलं वाढेपर्यंत दगड होतं. प्रत्येकाचं वाटण वेगळं, वेळ वेगळा, आणि उरलेलं संध्याकाळी दुसऱ्या कशात वळवता येत नाही. लाल ग्रेव्ही उद्याच्या व्हेज कोल्हापुरीला चालते. उरलेली पंचामृताची वाटी कशाला चालणार? मेनूकार्डातून एकेक मागवायच्या पद्धतीत हा स्वयंपाक मालकाला परवडतच नाही.

ज्याने हे ओळखलं तो टीव्हीवरचाच माणूस निघाला. नागपूरचे विष्णू मनोहर मराठी वाहिन्यांवरच्या पाककृतींमुळे घरोघरी माहीत झाले. एप्रिल २०१७मध्ये नागपुरात सलग त्रेपन्न तास स्वयंपाक करण्याचा विक्रमही त्यांनी केला, पण धंद्याच्या दृष्टीने मला त्यांची ‘विष्णुजी की रसोई’ जास्त महत्त्वाची वाटते. तिथे मेनूकार्डाची भानगडच ठेवलेली नाही. एक ठरलेली रक्कम, मांडून ठेवलेले पदार्थ, हवं तेवढं घ्या. त्यात पाटवडी येते, वांग्याचं भरीत येतं, गोडाचं येतं. आज काय करायचं ते गिऱ्हाईक ठरवत नाही, भटारखाना ठरवतो; एकदाच मोठ्या प्रमाणावर रांधायचं आणि गरम असतानाच संपवायचं. लग्नाच्या पंगतीचं गणित रोजच्या हॉटेलाला लावलेलं आहे. टीव्हीने माणसाला नाव दिलं, त्या नावावर गिऱ्हाईक आलं, पण पदार्थ टिकले ते वाढायची पद्धत बदलल्यामुळे.

आता तर ओट्यावरचा टीव्ही गेला आणि मसाल्याच्या डब्याला टेकवलेला फोन आला. मधुरा बाचल यांच्यासारख्या मंडळींनी यूट्यूबवर मराठीत, घरच्याच ओट्यावरून शिकवायला घेतलं. थांबवता येतं, मागे नेता येतं, ‘साय चालेल का?’ हे थेट विचारता येतं. लंडन-न्यू जर्सीतल्या मराठी घरांत पुरणपोळीचं पुरण किती घट्ट ठेवायचं हे आता आईला फोन करून विचारण्याआधी तिथे बघितलं जातं. वहीत उतरवायची गरज संपली, त्यामुळे कंसातल्या दुरुस्त्याही कुठे लिहिल्या जात नाहीत. आजच्या घरांनी काय बदललं हे वीस वर्षांनी शोधणाऱ्याला माझ्यापेक्षा कमी पुरावा सापडेल.

हॉटेलवाल्यांनी या नव्या माध्यमातून उचललं ते दिसण्यापुरतं. व्हिडिओत चीज ओढलेलं, वर लोण्याचा गोळा वितळताना, धुराचा हंडा टेबलावर फोडताना. पदार्थांचं म्हणाल तर मोजके अपवाद वगळता पुण्यातल्या बहुतेक मराठी हॉटेलांची घडी तीच आहे: दुपारी बारा ते तीन थाळी, तिच्यात भरलं वांगं आणि पिठलं, आणि संध्याकाळी सातनंतर पंजाबीचं मेनूकार्ड.